चापडा चटणी : घरटे किती तोडावे, किती राखावे

उन्हाळ्याची चाहूल लागली की दक्षिण छत्तीसगडमधील बस्तर, दंतेवाडा आणि कोंडागाव परिसरातील आठवडी बाजारांत पानांच्या दोन्यांमधून लालसर-नारिंगी मुंग्या आणि त्यांची पांढरी पिल्ले विक्रीस येतात. बस्तरमध्ये या मुंगीला आणि तिच्यापासून केलेल्या चटणीला ‘चापडा’ म्हणतात. छत्तीसगडच्या मैदानी भागात हीच मुंगी ‘माटा’ म्हणून परिचित आहे. गोव्यात व दक्षिण कोकणात तिला ‘हुमला’ म्हणतात. शास्त्रीय नाव ईकोफायला स्मॅरॅग्डिना. पाने एकमेकांना शिवून घरटे करणारी, म्हणून मराठीत तिला विणकर मुंगी म्हणणे योग्य ठरते.

बस्तरपासून सुमारे तीनशे किलोमीटर उत्तरेला असलेल्या भिलाईतील स्मृती नगरसारख्या नागरी वसाहतींत या मुंगीकडे पाहण्याची दृष्टी अगदी वेगळी असते. अंगणातील आंब्यावर किंवा जांभळावर पानांचा गोळा दिसला, की फवारणीचा पंप बाहेर निघतो. जी वस्तू एका ठिकाणी दोन्याने विकत घेतली जाते, तीच दुसरीकडे विष घालून नष्ट केली जाते. या दोन टोकांच्या मध्ये एक प्रश्न उरतो आणि तो बागायतदारासाठी महत्त्वाचा आहे : चटणीसाठी काढली जाणारी मुंगी हीच आंबा-काजूच्या बागेची राखणदार असेल, तर किती घरटी काढावीत आणि कोणती?

चटणीतील आंबटपणा येतो कोठून

चापडा चटणीची मूळ कृती साधी आहे. मुंग्या व त्यांची पिल्ले, हिरवी किंवा सुकी लाल मिरची, लसूण, आले आणि मीठ पाट्यावर एकत्र वाटले की चटणी तयार होते. कोथिंबीर व टोमॅटोही अनेकदा घातले जातात आणि चवीपुरती साखर घालण्याचीही पद्धत आहे. साखर किंवा गूळ घातलेली चटणी आंबट-गोड-तिखट होते आणि ज्यांना नुसत्या मुंगीचा झणका सोसत नाही, त्यांना ती अधिक रुचते. बस्तरमध्ये ती भात व मंडिया पेज, म्हणजे नाचणीची पेज, यांच्यासोबत तोंडी लावली जाते. गावठी कोंबड्याच्या किंवा मटणाच्या रश्श्याबरोबर ती विशेष खुलते. मांसातील चरबीने जिभेवर बसणारा तवंग आम्ल कापून काढते, मिरची भूक चाळवते आणि गोडवा तिखटाची धार बोथट करतो. विदर्भात सावजी मटणाबरोबर लिंबाची फोड आणि कांदा हवाच असतो. त्यामागचे कारण हेच आहे.

हा आंबटपणा फॉर्मिक आम्लाचा असतो. लॅटिनमध्ये मुंगीला ‘फॉर्मिका’ म्हणतात, त्यावरूनच या आम्लाला नाव मिळाले. सतराव्या शतकात युरोपात मुंग्यांचे ऊर्ध्वपातन करून ते प्रथम वेगळे करण्यात आले. विणकर मुंगीला नांगी नसते. ती जबड्याने चावा घेते आणि पोटाच्या टोकाकडील ग्रंथीतून आम्ल त्या जखमेवर फवारते. चावल्यावर होणारी आग आणि चटणीचा झणझणीत आंबटपणा यांचे मूळ एकच आहे.

या ठिकाणी एक बारीक, परंतु पुढील सर्व विवेचनाचा आधार असलेला फरक ध्यानात घ्यावा लागतो. आम्ल असते ते कामकरी मुंग्यांत. घरट्यातील पांढऱ्या, मऊ अळ्या व कोष यांत ते जवळजवळ नसते. त्यांची चव सौम्य व स्निग्ध असते. बाजारात सर्रास ‘अंडी’ म्हणून विकला जाणारा पांढरा भाग हा बहुतांशी अळ्या आणि कोष यांचाच असतो. खरी अंडी इतकी सूक्ष्म असतात की ती हाती लागणे कठीण. त्यामुळे चटणीला आंबटपणा हवा असेल, तर कामकरी मुंग्या घेतल्याशिवाय गत्यंतर नाही.

वसाहतीची रचना

झाडावर दिसणारे एक घरटे म्हणजे मुंग्यांची एक वसाहत, असा समज सार्वत्रिक आहे आणि तो चुकीचा आहे. एका वसाहतीची अनेक घरटी असतात. प्रौढ वसाहत अनेक झाडांवर पसरते. घरट्यांची संख्या शंभरावर आणि मुंग्यांची संख्या पाच लाखांपर्यंत जाऊ शकते. या सर्व पसाऱ्यात अंडी घालणारी राणी सामान्यतः एकच असते आणि ती एकाच घरट्यात राहते. तिने घातलेली अंडी कामकरी मुंग्या इतर घरट्यांत वाहून नेतात. राणीचे घरटे बहुधा झाडाच्या उंच भागात, दाट पर्णसंभारात असते आणि जमिनीवरून ते ओळखता येत नाही.

घरटे बांधण्याची रीत कीटकविश्वात अपूर्व म्हणावी अशी आहे. मुंग्या एकमेकींची कंबर धरून साखळी करतात आणि दोन पानांच्या कडा जवळ ओढतात. मग इतर मुंग्या पूर्ण वाढलेल्या अळ्या जबड्यात धरून आणतात व त्यांना विणकराच्या धोट्याप्रमाणे एका पानावरून दुसऱ्या पानावर फिरवतात. अळीच्या तोंडातून निघणाऱ्या रेशमी धाग्याने पाने शिवली जातात. अळ्या आपले रेशीम घरट्यासाठी देऊन टाकतात, त्यामुळे स्वतःभोवती कोश विणत नाहीत. बाजारातील कोष उघडे व पांढरे दिसतात ते याच कारणाने.

सर्व घरट्यांतील मुंग्या सारख्याही नसतात. आतल्या भागातील हिरव्या, ताज्या पानांच्या घरट्यांत पिल्ले आणि त्यांची देखभाल करणाऱ्या लहान आकाराच्या कामकरी मुंग्या असतात. वसाहतीच्या सीमेवरील घरट्यांत वयस्क, मोठ्या कामकरी मुंग्या असतात. शेजारच्या वसाहतीशी लढण्याचे व आगंतुक कीटकांना रोखण्याचे काम त्याच पार पाडतात. तरुणांना घरकाम आणि म्हाताऱ्यांना आघाडीवर, अशी मानवी रीतीच्या उलट ही व्यवस्था आहे. वसाहतीच्या दृष्टीने ती काटकसरीची आहे, कारण ज्यांचे आयुष्य थोडे उरले आहे त्यांनाच धोक्यात घातले जाते.

पावसाळ्यापूर्वी वसाहतीत पंख असलेले नर व नव्या राण्या तयार होतात. कोवळ्या राण्या हिरवट रंगाच्या व कामकरी मुंग्यांपेक्षा बऱ्याच मोठ्या असतात. पाऊस सुरू झाला की त्या उडून जातात. मीलनानंतर नवी राणी एकटीच नवीन वसाहत सुरू करते. बागेचे रक्षण करण्याइतकी प्रौढ वसाहत उभी राहण्यास दीड ते दोन वर्षे लागतात. एक वसाहत मोडली तर पुढच्याच हंगामात ती जागा भरून निघेल, ही अपेक्षा म्हणूनच व्यर्थ आहे.

बागेतील उपयोग आणि उपद्रव

पिकांच्या रक्षणासाठी मुंगीचा वापर ही नवी कल्पना नाही. इ. स. 304 च्या सुमाराचा मानला जाणारा, दक्षिणेकडील वनस्पतींवरील एक चिनी ग्रंथ या मुंग्यांचे वर्णन करतो : लोक त्यांची घरटी पिशव्यांत भरून बाजारात विकत आणि संत्रावर्गीय फळांचे बागायतदार ती विकत घेऊन झाडांवर टांगत. जैविक कीडनियंत्रणाचा हा सर्वांत जुना लेखी दाखला समजला जातो. पुढील काळात तेथे झाडाझाडांना बांबूच्या काठ्या जोडून मुंग्यांसाठी पूल करण्याची प्रथाही रूढ झाली.

आधुनिक काळात ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात काजू व आंब्याच्या बागांत या मुंगीवर दीर्घकाळ संशोधन झाले. काजूची कोवळी पालवी व मोहोर शोषून वाळवणारा ढेकण्या, आंब्यावरील तुडतुडे आणि फळमाशी यांचा उपद्रव मुंग्यांची वसाहत नांदत असलेल्या झाडांवर कमी राहतो, हे त्या कामातून दिसून आले. फळमाशीच्या बाबतीत मुंगीने माशी पकडण्याचीही फारशी गरज नसते. फळावरून मुंग्या सतत फिरत असल्या, किंवा त्यांचा गंध फळावर राहिला असला, तरी माशी अंडी घालण्यास कचरते. बस्तरमध्ये, विशेषतः बकावंड भागात, काजूची लागवड आहे. कोकणातील काजू उत्पादकांना ढेकण्या परिचित आहे. दोन्ही ठिकाणी विणकर मुंगी निसर्गतः आढळते, ही जमेची बाजू होय.

तथापि मुंगीचे गुणगान एकतर्फी असू नये. पिठ्या ढेकूण आणि खवले कीड यांच्या शरीरातून स्रवणारा गोड चिकटा विणकर मुंग्यांना प्रिय असतो, त्यामुळे त्या या किडींना मित्रकीटकांपासून संरक्षण देतात. जेथे या किडींचा उपद्रव आधीच जास्त आहे, तेथे मुंग्यांमुळे तो वाढू शकतो आणि फळांवर काजळी धरते. काढणीच्या वेळी मजुरांना मुंग्या चावतात आणि ते झाडावर चढण्यास नकार देतात, ही तक्रारही खरीच आहे. हाताला व झाडाच्या बुंध्याला राख लावणे, तसेच मुंग्यांची वर्दळ कमी असताना काढणी करणे, हे साधे उपाय बऱ्याच अंशी उपयोगी पडतात. पिठ्या ढेकणाने ग्रासलेल्या फांद्या छाटून नष्ट कराव्यात, किंवा केवळ त्याच फांद्यांवर सौम्य साबणाच्या द्रावणाची फवारणी करावी. संपूर्ण झाडावर कीटकनाशक फवारल्यास प्रथम नाश होतो तो मुंगीचा. मग तुडतुडे व ढेकण्या यांना रान मोकळे होते आणि फवारण्यांची संख्या वाढत जाते.

थायलंडची रीत बस्तरला जशीच्या तशी का लागू पडत नाही

थायलंडच्या ईशान्य भागात याच मुंगीची पिल्ले मोठ्या प्रमाणावर खाल्ली व विकली जातात. तेथील संकलक लांब बांबूच्या टोकाला टोपली किंवा पिशवी बांधतात, बांबूचे टोक घरट्यात खुपसून हलवतात आणि टोपलीत पडलेला माल पिठात घोळवतात. अंगाला पीठ लागल्याने मुंग्यांची पकड सुटते, त्या निघून जातात आणि पांढरी पिल्ले उरतात. त्यांना हव्या असतात त्या मुख्यतः भावी राण्यांच्या टपोऱ्या अळ्या व कोष. अशा काढणीमुळे झाडावरील कामकरी मुंग्यांची संख्या घटत नाही, असे डॅनिश व थाई संशोधकांनी 2010 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आढळले. त्याचे स्पष्टीकरण सोपे आहे. या राण्या पावसाळ्यात उडून जाणारच असतात. वसाहतीच्या दैनंदिन कामात त्यांचा वाटा नसतो. त्या काढून नेल्या तरी बागेची राखण चालूच राहते.

या निष्कर्षाच्या आधारे ‘चापडा कितीही काढला तरी हरकत नाही’ असा प्रचार करणे धोक्याचे आहे. बस्तरच्या चटणीला आंबटपणा हवा असतो आणि आंबटपणा कामकरी मुंग्यांतच असतो. घरटे फांदीसकट तोडून, सर्व मुंग्या व पिल्ले भांड्यात झटकून घेण्याची येथील पद्धत थेट राखणदारांनाच उचलते. थायलंडमध्ये वसाहतीचे वार्षिक उत्पन्न काढले जाते, येथे भांडवलाला हात लागतो. विस्तार कार्यकर्त्यांनी दोन्ही पद्धतींतील हा भेद शेतकऱ्यांना समजावून देणे गरजेचे आहे. चटणीला बाजारात मागणी वाढत असताना तर ते अधिकच गरजेचे ठरते. ओडिशातील मयूरभंज जिल्ह्यातील ‘सिमिलीपाल काई चटणी’ला जानेवारी 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. मुंगी तीच, नाव वेगळे. मानांकनाने पदार्थाची प्रतिष्ठा वाढते आणि पाठोपाठ तोडणीही वाढते.

काढणी कशी करावी

काढणीपूर्वी बागेत एकूण किती वसाहती आहेत हे पाहावे. त्यासाठी दोन शेजारच्या झाडांवरील मुंग्यांच्या वाटा दोरीने जोडाव्यात. दोन्हीकडील मुंग्या दोरीवर भेटून निमूटपणे पुढे गेल्या, तर वसाहत एकच. एकमेकींना पकडून ओढाताण करू लागल्या, तर वसाहती दोन. दोन वसाहती असल्यास दोरी त्वरित काढावी आणि त्यांच्या सीमेवरील झाडांच्या एकमेकांत शिरलेल्या फांद्या छाटून ठेवाव्यात, अन्यथा मुंग्यांची शक्ती किडींऐवजी आपसातील लढाईत खर्च होते. एकाच वसाहतीच्या झाडांमध्ये मात्र दोरी कायम बांधून ठेवणे हितावह असते.

घरटी निवडताना झाडाच्या वरच्या तृतीयांश भागाला हात लावू नये. राणी तेथे असण्याचा संभव अधिक. बागेच्या ज्या बाजूला दुसरी वसाहत लागून आहे, त्या सीमेवरील घरटी सोडून द्यावीत. जेथे शेजारी वसाहत नाही, अशा बाजूची कडेची घरटी मात्र चटणीसाठी उत्तम : त्यांत वयस्क कामकरी मुंग्या असतात, आम्ल भरपूर मिळते आणि वसाहतीचे नुकसान तुलनेने कमी होते. एका झाडावरील चार घरट्यांपैकी एकापेक्षा अधिक एका हंगामात काढू नये, हा सावधगिरीचा नियम पाळण्यास सोपा आहे. ज्या झाडावर एकच घरटे आहे ते झाड वगळावे.

काजू व आंब्याला मोहोर असताना, म्हणजे ढेकण्या व तुडतुडे यांच्या ऐन उपद्रवाच्या काळात, काढणी टाळावी. फळे काढून झाल्यावर, पावसापूर्वीच्या आठवड्यांत, ती करावी. त्या वेळी घरट्यांत राण्यांची पिल्लेही असतात, त्यामुळे दोन्याचे वजन भरते आणि चटणीला स्निग्धता येते. फांदी तोडण्याऐवजी घरट्याला खालून छेद देऊन ते टोपलीत झटकावे. अर्धे शिल्लक राहिलेले घरटे मुंग्या एक-दोन दिवसांत पुन्हा शिवतात आणि झाडाची पालवीही वाचते.

खाण्यासंबंधी काही पथ्ये

कीटकनाशक फवारलेल्या बागेतील मुंग्या कदापि खाऊ नयेत. मुंगी विषारी अवशेष असलेले कीटक खाते आणि मृत किडीही घरट्यात आणते, त्यामुळे फवारणी शेजारच्या शेतात झाली असली तरी शंका उरते. स्मृती नगर किंवा अन्य शहरी भागातील रस्त्यालगतच्या झाडांवरील घरटी खाण्यासाठी घेऊ नयेत. तेथे धूर, धूळ आणि घरगुती फवारे यांचा संसर्ग गृहीत धरावा. अशी घरटी असू द्यावीत. मुलांचा वावर असलेल्या ठिकाणचे घरटे अडचणीचे झाले, तर विष न वापरता ती फांदी पहाटे छाटून दूर नेणे पुरेसे असते.

कोळंबी, खेकडा यांची ॲलर्जी असणाऱ्यांनी चापडा टाळावा. कीटक व कवचधारी जलचर यांच्या शरीरातील काही प्रथिने सारखी असल्याने तीच प्रतिक्रिया उद्भवू शकते. मुंग्या निवडून त्यांतील पाने, काड्या व मृत किडे काढावेत, पाण्यातून झटपट काढून निथळाव्यात आणि तव्यावर क्षणभर कोरड्या परतून मगच वाटाव्यात. फॉर्मिक आम्ल बाष्पशील असल्याने परतताना आंबटपणा थोडा उडतो. तो चिंचेच्या कोळाने भरून काढता येतो आणि मग गुळाचा लहानसा खडाही चटणीत शोभून दिसतो. चटणी ताजीच खावी. ठेवणीत तिचा झणका ओसरतो.

औषधी गुणांच्या दाव्यांबाबत विस्तार कार्यकर्त्यांनी विशेष संयम बाळगावा. ताप, कावीळ, खोकला यांवर चापडा गुणकारी असल्याची लोकसमजूत जुनी आहे. कोविडच्या काळात ही चटणी औषध म्हणून देशभर वापरावी, अशी मागणी न्यायालयापर्यंत पोहोचली. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये ती याचिका फेटाळली. चापडा हे जेवणातील तोंडी लावणे आहे आणि त्याच नात्याने त्याची विक्री व्हावी. बचतगटांनी वेष्टनावर रोगनिवारणाचा मजकूर छापू नये. त्याऐवजी मुंग्या कोणत्या बागेतून घेतल्या, त्या बागेत शेवटची फवारणी केव्हा झाली आणि ॲलर्जीची सूचना, एवढे ठळकपणे छापावे.

येत्या हंगामात ज्या गावांत चटणीसाठी तोडणी होते, तेथे मोहोर येण्यापूर्वी प्रत्येक बागेतील झाडनिहाय घरट्यांची मोजणी करून ठेवावी आणि पावसाळ्यानंतर तीच मोजणी पुन्हा करावी. मोजणीला वही, पेन्सिल आणि एक सकाळ लागते. पावसाळ्यानंतरचा आकडा घटलेला दिसल्यास त्या बागेत पुढील उन्हाळ्यात तोडणी बंद ठेवावी.